जल्लादसाहेबांची रेघ

जल्लादसाहेबांनी मला पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या नानांच्या थोबाडीत मारली.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. मी रांगत असताना बाप गेला, तेव्हापासून मला त्यांनीच वाढवलं, आणि तेही बरंचसं चाबकाने. लिंबागणेशाच्या आजूबाजूच्या गावांत त्यांच्यापुढे मान वर करायची कुणाची टाप नव्हती. समोरून नाना येताना दिसले की माणसं बांध बदलत. अशा माणसाच्या गालावर एका परक्या डॉक्टरची पाच बोटं उठलेली मी या डोळ्यांनी पाहिली. मी तेव्हा पालथा पडलो होतो. बैलगाडीतून उतरवून मला दवाखान्याच्या फरशीवर टाकलं होतं आणि कमरेखालचं अंग मढ्यासारखं झालं होतं. साहेबांनी माझा सदरा वर केला, पाठ पाहिली आणि विचारलं, "ये किसने जलाया?" नाना छाती पुढे काढून म्हणाले, "म्या डागलं. कावून?" ती थप्पड त्या "कावून"चं उत्तर होतं. वर साहेब म्हणाले, "पाठ जाळून पाय उगवते क्या बे?"

नानांनी कुऱ्हाडीला हात घातला. साहेबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते खाली बसले आणि माझ्या पोटरीत सुई खुपसू लागले.

निजामाचा काळ होता. बीडला नदीकाठी एका दानशूर शेठजीने बांधलेला एक लहानसा दवाखाना होता. आज त्याची जागा शोधूनही सापडायची नाही. साहेब मूळचे हैदराबादचे आणि शिकून आलेले विलायतेत. हैदराबादची मोठी जागा सोडून ते आमच्या धुळीत का आले, याची एकच हकिकत सगळे सांगत. कुणा बड्या असामीने शस्त्रक्रियेच्या खोलीत हुक्का आणला आणि साहेबांनी तो त्याच्याच डोक्यात घातला. खरंखोटं देव जाणे, पण त्यांच्या हाताखाली काही महिने काढल्यावर मला तरी ती खरी वाटते. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, ते कुणी वाचत नसे. जल्लाद हे नाव गावाने ठेवलं होतं, त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझा अंदाज असा की ते त्यांना आवडतही होतं.

मारायला त्यांना कारण लागायचं, पण फार मोठं लागायचं नाही. चिमटा उशिरा दिला की तो चिमटा कंपाउंडरच्या पाठीवर बसे. जखमेवर शेण लावून आलेल्याला आधी दोन तडाखे आणि मग मलमपट्टी. तान्ह्याला अफू चाटवून आणलेल्या एका बापाला त्यांनी व्हरांड्यातून थेट अंगणात फेकला होता, आणि तेवढ्याच तातडीने त्या पोराला उलटं धरून जगवलं होतं. कंपाउंडर बिचारा पायाला पोत्याचं फडकं गुंडाळून कामाला येई, कारण साहेबांचा बूट त्याच्या नडगीलाच लागायचा. पण नोकरी सोडून गेला का? नाही गेला. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "सोडून जाऊ कुठं? दुसरीकडं माणसं मरत्यात."

सगळ्यांत नवल होतं ते त्यांच्या वॉर्डातल्या ओरड्याचं. आमच्याकडचा गडी म्हणजे पायातून काटा आरपार गेला तरी ओठ दाबून बसणारा. साहेबांना त्याचाच भयंकर राग. गळू फोडताना कुणी दात खाऊन गप्प पडला तर ते त्याच्या गालफडात देत, "रो बे! चिल्ला! मेरेकू कैसे समजेगा किधर दुखता?" जो मोठ्याने बोंबलेल त्याच्यावर ते खूश असत. "दर्द दोस्त है," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. "दर्द गया तो आदमी गया." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस सुखात वाढला असणार. पुढे कळलं की त्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरजच नव्हती. मी तो पायांवर घेऊन आलो होतो.

माझं दुखणं सुरू झालं ते शेकोटीपाशी. थंडीचे दिवस होते, आम्ही पाच-सहा जण पाय सोडून बसलो होतो. मांस करपल्याचा वास आला. कुणी तरी म्हणालं, कुणाचं खेटर जळतंय बघा. खेटर नव्हतं, माझी टाच होती. निखारा टाचेला चिकटून आत गेला होता आणि मी हसत गप्पा मारत होतो. मग पाय जड झाले, मग घसटायला लागले, आणि तुरी काढायच्या सुमाराला मी रानातच आडवा झालो तो उठलोच नाही. नानांनी देवऋषी केला, कोंबडी कापली, आणि शेवटी विळा लाल करून माझ्या पाठीवर ओळीने डाग दिले. चार गड्यांनी मला धरून ठेवलं होतं. त्यांनी उगाच त्रास घेतला. खालच्या डागांना मी हललोसुद्धा नाही. तेव्हा नाना पहिल्यांदा घाबरले आणि गाडी जुंपली.

साहेबांची तपासणी म्हणजे एक सुई आणि एक जांभळी कॉपिंग पेन्सिल. "इधर नक्को देख. खिडकी के बाहर देख," असा हुकूम. मी खिडकीबाहेरच्या लिंबाकडे पाहत पडलो. बराच वेळ गेला. मी म्हणालो, "साहेब, सुरू करा की." मान वळवून पाहतो तर दोन्ही पायांवर रक्ताचे ठिपकेच ठिपके. माझी बायको गया पदराचा बोळा तोंडात धरून भिंतीकडे तोंड करून उभी होती. साहेब टोचत टोचत वर सरकले. बेंबीच्या वर मी "आई गं" केलं. तिथे त्यांनी पेन्सिल जिभेवर ओली केली आणि पोटावर आडवी रेघ ओढली. रेघेच्या वर मी होतो आणि खाली काहीच नव्हतं.

रोज सकाळी ते ती रेघ नव्याने काढत, आणि रोज ती आदल्या दिवशीच्या रेघेच्या वर पडे. थोड्या दिवसांत माझं पोट पाटी आखल्यासारखं दिसू लागलं. रेघ बरगड्यांपाशी आली तेव्हा साहेबांनी नानांना बोलावलं आणि माझ्या गळ्यावर बोट ठेवलं. "रेघ इथं आली की श्वास बंद. पाठीच्या हाडांत गाठ हाय. हाड फोडून काढावी लागेल. मरेल भी. नहीं काटा तो पक्का मरेल."

नानांनी माझ्या पोटावरच्या रेघा बोटाने मोजल्या. मग म्हणाले, "कापा. पर पोरगं मेलं तर तुमचं मुंडकं धडावर ऱ्हानार न्हाई."

"हौ, मंजूर," साहेब म्हणाले. "कुऱ्हाड को धार लगा के ला. दरवाजे पे बैठ."

आणि खरोखरच, माझी पाठ फोडली जात असताना नाना शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी मांडीवर कुऱ्हाड घेऊन बसले होते. साहेबांनी आत जाताना धारेवरून अंगठा फिरवून पाहिला आणि पसंतीची मान हलवली म्हणे.

आत काय झालं ते मला कंपाउंडरने सांगितलं, कारण मी क्लोरोफॉर्मच्या गुंगीत होतो. हाडं फोडेपर्यंत साहेब नेहमीसारखे शिव्या देत होते. छिन्नीवर हातोडी अशी पडत होती की टेबल सरकायचं. मग कण्याच्या आतली, पायांना जाणीव पोचवणारी पांढरी दोरी उघडी पडली आणि साहेब गप्प झाले. ते गप्प झाल्यावर कंपाउंडरला जास्तच भीती वाटली. गाठ दोरीच्या बाजूला असेल, उचलून काढता येईल, अशी त्यांची अटकळ होती. ती दोरीच्या आतच निघाली. दोरी तिथे सापाने उंदीर गिळल्यासारखी फुगली होती. ओढून काढावी तर दोरी तुटणार, म्हणजे माणूस जन्माचा लुळा. साहेबांनी बारीक पात्याने दोरीच्या पाठीवर उभी चीर दिली, नखाच्या कडेएवढी. गाठ त्या चिरेतून थोडी डोकावली. आणि तिथेच त्यांनी हात थांबवला, वरून कातडी शिवली आणि बाहेर आले.

"काडली?" नानांनी विचारलं.

"नहीं."

नाना कुऱ्हाड घेऊन उठले. साहेब इतके दमले होते की मारायचंही त्राण नव्हतं. ते भिंतीला टेकून ओरडले, "नारू कभी खींच के निकाल्ते क्या बे? टूटा तो? आठ दिन रुक. वो खुद ऊपर आयेगी. फिर निकालूंगा."

नानांनी कुऱ्हाड खाली ठेवली. डॉक्टरचं बोलणं त्यांना पहिल्यांदाच सगळं समजलं होतं. नारू आमच्या घरातलाच. आमच्या बारवेचं पाणी पिऊन ज्याच्या पायातून दोऱ्यासारखा हातभर पांढरा किडा निघाला नाही असा माणूस गावात नव्हता. "आसं हाय व्हय! मग ह्ये आदी कावून न्हाई सांगितलं?" ते म्हणाले, आणि त्या रात्री भाकरी पोटभर खाल्ली.

सगळा घोटाळा त्या समजण्यातच झाला. नारूचं तोंड वर आलं की कुणाला तरी तो बारीक काडीला गुंडाळावा लागतो आणि रोज थोडाथोडा वर घ्यावा लागतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. नानांनी दोन दिवस दवाखान्यात बारीक नजर ठेवली. काडी नाही, काडीवालाही नाही, आणि साहेब तर पट्टीसुद्धा सोडून बघत नाहीत. नानांच्या मते हा डॉक्टर कापण्यात पटाईत होता, पण नारूचं काम त्याला येत नव्हतं. बीडपासून दीड कोसावर एका वस्तीवर नारू काढणारा म्हातारा होता, आमच्या गावचे सगळे त्याच्याकडेच जात. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब आंघोळीला गेले आणि नानांनी मला कडब्यावर पालथा घालून गाडी हाकली.

गाडीत गया माझ्या उशाशी होती. चुलत सासऱ्यासमोर, म्हणजे नानांसमोर, तिने तोवर कधी शब्द काढला नव्हता. चाक दगडावरून उतरलं की माझी मान मागे हिसकायची आणि छातीत हवा शिरेना. मी तिला म्हणालो, "गये, दम लागतोय." तिने माझ्या सदऱ्यात हात घालून बरगडीवर चिमटा काढला. "लागतंय?" मी म्हणालो, "कुठं?" तिने चिमटा आणखी वर काढला. मग एकदम पदर खोचला, चालत्या गाडीतून उडी मारली आणि बीडच्या दिशेने पळत सुटली. नानांनी मागून अशा शिव्या घातल्या की बैल बुजले.

साहेब आले तेव्हा म्हाताऱ्याच्या अंगणात माझी पट्टी सोडलेली होती, वरचे टाके कापलेले होते आणि म्हातारा काडी हातात घेऊन नारूचं तोंड शोधत होता. साहेब बनियन आणि पायजम्यावर, उघड्या पाठीच्या घोड्यावर, केसांत अजून साबण. घोडा थांबायच्या आधीच ते खाली होते. पहिला चाबूक म्हाताऱ्याच्या हातावर बसला आणि काडी उडाली. दुसरा नानांच्या तोंडावर. गालापासून कानापर्यंत कातडी उकलली. तिसरा, चौथा... मी पालथा पडून फक्त पाय पाहत होतो, धूळ पाहत होतो आणि चाबकाचा आवाज ऐकत होतो. मग नानांचा आवाज आला, असा आवाज मी माणसाच्या गळ्यातून पुन्हा ऐकला नाही, आणि कुऱ्हाड फिरली. साहेबांनी डावा हात आडवा घातला.

सगळे थांबले. साहेबांच्या कोपराखालून रक्ताची धार लागली होती. त्यांनी हाताकडे पाहिलंही नाही. ते माझ्यापाशी गुडघ्यावर बसले, उजव्या हाताने उघड्या जखमेवर स्वतःचं बनियन काढून दाबलं, आणि नानांना म्हणाले, "तेरा पटका दे. मेरा हाथ बांध. कसके."

नानांनी डोक्याचा पटका उतरवला. गावात बापाच्या सरणापुढेच काय तो उतरवलेला पटका. त्यांनी तो दातांनी फाडला आणि साहेबांच्या दंडाला आवळला.

जखम उघडी पडली होती, आता आठ दिवस थांबणं शक्य नव्हतं. दवाखान्यात आलो तेव्हा ऊन चांगलं होतं. कंपाउंडर मला क्लोरोफॉर्म देणार. मग जखम आकड्यांनी ताणून कोण धरणार? साहेबांच्या डाव्या हाताची बोटं वळतच नव्हती. त्यांनी नानांच्या मानेला धरून आत ओढलं. "मेरा हाथ तूने लिया ना? अब तेरा हाथ दे."

ज्या हातांनी माझी पाठ डागली त्याच हातांनी नानांनी ती उघडी धरली. आकडा जरा ढिला पडला की साहेब त्यांची नडगी फोडत होते. नाना पुढे मरेपर्यंत ती गोष्ट सांगत. भाऊबंदांत, बाजारात, कुणी विचारो न विचारो. "त्यो गोळा आपसूक वर आलता रं. बोरायेवढा. अर्दा त्या चिरंतून भायेर बसला व्हता, पिकल्यावानी. त्या बाबानं वढला न्हाई. नुस्तं आजूबाजूचं त्वांड सोडवित गेला, सोडवित गेला, आन् त्यो सुटून आला. तेवडा येळ त्यो माजा राक्षीस श्वास घ्येत नव्हता बग." एवढं सांगून नाना डोळे पुसत. त्यांचा स्वभाव बदलला असं मात्र समजू नका. गडीमाणसांना ते मारतच राहिले. डाग देणं तेवढं सुटलं.

चौकशीला पोलिसांचा अमीन आला. साहेब म्हणाले, घोड्यावरून पडलो. अमीन म्हणाला, घोड्याला कुऱ्हाडीचं पातं होतं का? साहेबांनी त्याला टोपीसकट हाकलून दिलं.

माझी रेघ तीन-चार दिवस जागची हलली नाही. मग एका सकाळी ती खाली पडली, बोटभर. पुढे बेंबीपर्यंत, पुढे कमरेपर्यंत. साहेब एका हाताने टोचत आणि तोंडाने पेन्सिलचं टोपण काढत. एक दिवस त्यांनी मांडीत सुई खुपसली आणि माझ्या तोंडून त्यांच्या आईवरून अशी शिवी गेली की सगळ्या वॉर्डाने माना वळवल्या. आता याला मारणार, म्हणून कंपाउंडरने डोळे मिटून घेतले. साहेब खाटेच्या काठावर बसले. त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. "फिरसे बोल," म्हणाले आणि परत टोचलं. मी परत दिली. ते हसले तसं हसताना मी त्यांना एरवी कधी पाहिलं नाही. वॉर्डाच्या कोपऱ्यात गया मोठ्याने रडत होती, आणि त्या वॉर्डात रडायला बंदी नव्हती.

काठी धरून घरी गेलो. पुढची सुगी सरली आणि मी काठी टाकून साहेबांना दाखवायला बीडला आलो. डावा पाय अजून ओढतो, आजही ओढतो, आणि आंघोळीचं पाणी कढत आहे का हे गया आधी हात घालून बघते. पण मी चालत होतो. दवाखान्याच्या दारात कंपाउंडर भेटला. त्याच्या पायाला पोतं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "सायेब आता मारीत न्हाईत." ते सांगताना त्याचा चेहरा असा होता की मी तसाच आत शिरलो.

शस्त्रक्रियेच्या खोलीला कुलूप होतं. साहेबांच्या खोलीत पेट्या बांधून ठेवलेल्या. ते हैदराबादला भावाकडे निघाले होते. मला म्हणाले, "चल के दिखा." मी भिंतीपासून भिंतीपर्यंत चाललो. ते माझ्या पायांकडे पाहत राहिले. डावा हात टेबलावर होता. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळून वाळलेल्या शेंगांसारखी झाली होती.

त्यांनी खिशातून सुई आणि ती जांभळी पेन्सिल काढली आणि माझ्यापुढे सरकवली. "टोच," म्हणाले, आणि स्वतः खिडकीबाहेर, लिंबाकडे पाहू लागले.

मी करंगळीत टोचलं. शेजारच्या बोटात टोचलं. तळहाताच्या कडेला टोचलं, रक्त आलं. साहेब लिंबाकडेच पाहत होते. थोड्या वेळाने वैतागून म्हणाले, "शुरू कर ना बे."

मी टोचत टोचत मनगटाच्या वर गेलो. तिथे त्यांनी हात आखडला. मी पेन्सिल जिभेवर ओली केली आणि रेघ ओढली. त्यांनी मान वळवून रेघ पाहिली, तिच्याखालचे रक्ताचे ठिपके पाहिले. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला वाकलो.

तेवढ्यात उजव्या हाताची अशी सणसणीत थोबाडीत बसली की मी पेट्यांवर जाऊन आदळलो.

"रेघ वाकडी काढली," साहेब म्हणाले. मग विचारलं, "लागलं?"

मी गाल धरून म्हणालो, "लई लागलं, साहेब."

"अच्छा," ते म्हणाले. "जा मग."